एका सेकंदाला किती हॉर्सपॉवर?

ड्रॅग शर्यतीत वळणं नसतात. दिवा हिरवा झाला की सरळ पट्टीवर पाव मैल, म्हणजे 402 मीटर, कापायचे. एवढ्या साध्या खेळातला प्रश्नही साधाच वाटतो: गाडी जड असेल, तर इंजिन केवढं हवं? पण इथले अंदाज हमखास फसतात. आपण मनात बेरीज करत असतो आणि इथला हिशेब घनाचा असतो.

वेग दुप्पट करायचा तर ऊर्जा चौपट लागते, हे शाळेतल्या भौतिकशास्त्रात येतं. शर्यतीत अंतर ठरलेलं असल्याने वेग वाढला की ती ऊर्जा पुरवायला मिळणारा वेळही घटतो. म्हणून वेळ निम्म्यावर आणायला ताकद चौपट नव्हे, आठपट लागते.

अमेरिकी मोटार-लेखक रॉजर हंटिंग्टन यांनी प्रत्यक्ष शर्यतींच्या नोंदींवरून हे नातं सूत्रात मांडलं. 1973 मध्ये जेफ्री फॉक्स यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये त्यामागचं भौतिकशास्त्र उलगडलं. पुढे पॅट्रिक हेल यांनी सुधारलेला आकडा आज सर्रास वापरला जातो. किलोच्या हिशेबात त्याची कृती अशी: 7.58 ला हव्या असलेल्या सेकंदांनी भागा, उत्तराचा घन करा आणि त्याला गाडीच्या वजनाने गुणा. वजन चालक आणि इंधनासकट धरायचं.

समजा, गाडी 1,800 किलोची आहे. तिला 12 सेकंदांत पोचायला सुमारे 454 हॉर्सपॉवर लागतात, 11 सेकंदांना 589, 10 सेकंदांना 784 आणि 9 सेकंदांना 1,075. पहिला सेकंद 135 हॉर्सपॉवरमध्ये मिळाला, दुसऱ्याला 195 लागले, तर तिसऱ्याला तब्बल 291. उलट याच गाडीचं वजन 100 किलोंनी उतरवलं, तर 10 सेकंदांसाठी 740 हॉर्सपॉवर पुरतात. जादा सीट आणि आवाज अडवणारं अस्तर काढणं हे इंजिनातून 44 हॉर्सपॉवर जास्त काढण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.

सूत्रातून येणारा हॉर्सपॉवरचा आकडा इंजिनापाशी मोजलेल्या ताकदीचा आहे. गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलमध्ये साधारण 15 टक्के ताकद खर्ची पडते, असं ढोबळमानाने धरतात. त्यामुळे चाकांवर मोजणाऱ्या डायनोचा आकडा कमीच दिसणार. उंचीही हिशेबात घ्यावी लागते. टर्बो किंवा सुपरचार्जर नसलेलं इंजिन दर 300 मीटर उंचीमागे सुमारे 3 टक्के ताकद गमावतं. समुद्रसपाटीवरची वेळ लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर जशीच्या तशी मिळत नाही, त्याचं हे एक कारण.

सूत्राला मर्यादाही आहेत. डॉज चॅलेंजर एसआरटी डेमनचं 2018 चं मॉडेल पाहा. वजन सुमारे 1,930 किलो, शर्यतीच्या इंधनावर 840 हॉर्सपॉवर आणि पाव मैलाची प्रमाणित वेळ 9.65 सेकंद. चालक धरून 2,000 किलो मानले, तर सूत्र या वेळेसाठी जवळपास 970 हॉर्सपॉवर मागतं. हा फरक चिकट ड्रॅग टायर, खास तयार केलेली पट्टी, सुटण्याआधी इंजिनाचा जोर रोखून धरणारा ट्रान्सब्रेक आणि आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांनी भरून काढला.

याउलट पुष्कळ गाड्या सूत्रापेक्षा मागे पडतात. दोष कुठे आहे ते शेवटच्या टप्प्यातला वेग सांगतो. आपल्या 1,800 किलोच्या गाडीने ताशी 219 किलोमीटरचा वेग गाठला, पण वेळ 10.6 सेकंद आली, तर 784 हॉर्सपॉवर इंजिनात आहेत. सुटताना चाकं जागीच फिरली, एवढंच. अशा वेळी मोठा टर्बो बसवला तर चाकं आणखी फिरतील. पैसे टायर आणि सस्पेन्शनवर घालावेत.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी वजनकाटा, मग टायर, शेवटी इंजिन. 10 सेकंदांचं लक्ष्य ठेवणाऱ्यांनी रोल केजचा, म्हणजे चालकाभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याचा, खर्च आणि वजन पहिल्याच हिशेबात धरावं. अमेरिकेच्या एनएचआरए या संघटनेने कारखान्यातून आलेली डेमन स्पर्धेला नाकारली, ती 10 सेकंदांच्या आत धावणाऱ्या गाडीला लागणारी सुरक्षा तिच्यात नव्हती म्हणून.