मैलापाण्याच्या गाळाचे खत

मैल्यापासून केलेल्या खतास आपले शेतकरी पूर्वापार ‘सोनखत’ म्हणत आले आहेत. धान्य, डाळी व भाजीपाला यांच्या रूपाने शेतातून शहरात गेलेले नत्र व स्फुरद अखेर मैलापाण्यात उतरते. ते नदीत सोडल्यास पाणी नासते व पाणवनस्पती माजतात. जमीन मात्र उपाशी राहते. स्फुरदयुक्त खतांसाठी लागणारा खडक आपल्या देशास बहुतांशी बाहेरून आणावा लागतो, हे ध्यानी घेतले म्हणजे हा तोटा केवढा आहे, ते कळून येते.

गाळ कसा निघतो

शुद्धीकरण केंद्रात मैलापाणी प्रथम जाळीतून गाळतात व हौदात संथ ठेवतात. जड भाग तळाशी बसतो. उरलेल्या पाण्यात हवा खेळविली म्हणजे सूक्ष्म जंतू त्यातील घाण खाऊन वाढतात व पुढे तेही तळाशी बसतात. ही रीत मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी १९१४ साली प्रसिद्ध केली. तळाचा साका म्हणजेच गाळ होय. तो बंद टाकीत, हवेवाचून, सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णतेवर काही आठवडे कुजवितात. त्यातून निघणारा वायू जळणास उपयोगी पडतो. नंतर गाळ वाफ्यांवर वाळवितात किंवा यंत्राने पिळून काढतात.

अशा शंभर किलो वाळलेल्या गाळात साधारणपणे एक ते तीन किलो नत्र व जवळजवळ तितकेच स्फुरद असते. पालाश पाण्याबरोबर निघून जात असल्याने ते फारच थोडे उरते.

दोन धोके, दोन उपाय

पहिला धोका रोगजंतूंचा. गाळ वाळला तरी त्यातील जंतांची अंडी दीर्घकाळ जिवंत राहतात. म्हणून गाळात पालापाचोळा व काडीकचरा मिसळून ढीग लावावा. ढिगाच्या आत ५५ अंशांची उष्णता निदान १५ दिवस टिकली पाहिजे, व तेवढ्या अवधीत ढीग पाच वेळा उलटला पाहिजे. दुसरा मार्ग किरणांचा. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्रसाहाय्याने अहमदाबाद येथे २०१९ साली कोबाल्ट-६० च्या किरणांनी दररोज १०० टन वाळलेला गाळ निर्जंतुक करू शकणारे केंद्र उभे राहिले. या क्रियेने गाळ स्वतः किरणोत्सारी होत नाही.

दुसरा धोका जड धातूंचा. कारखान्यांचे सांडपाणी त्याच गटारात मिसळत असेल, तर शिसे, कॅडमियम, पारा, निकेल गाळात येतात. उष्णतेने वा किरणांनी जंतू मरतात, धातू जात नाहीत. ते जमिनीत वर्षानुवर्षे साचतात व पिकांवाटे अन्नात उतरतात. यावर उपाय एकच: गाळ घेण्यापूर्वी त्याची तपासणी. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाने शहरी कंपोस्टच्या एका किलोत शिसे १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५ मिलिग्रॅम व पारा ०.१५ मिलिग्रॅम यांहून अधिक असू नये, असे ठरविले आहे.

गाळाऐवजी केवळ त्यातील पोषक द्रव्ये काढण्याचीही युक्ती आहे. गाळ पिळून निघालेल्या पाण्यात मॅग्नेशियमचा क्षार घातला असता ‘स्ट्रुव्हाइट’ नावाचे स्फटिक तयार होतात. शुद्ध स्ट्रुव्हाइटमध्ये सुमारे २९ टक्के स्फुरद व पावणेसहा टक्के नत्र असते. ते हळूहळू विरघळते व त्यात जड धातू अत्यल्प असतात. परदेशांतील काही केंद्रांत ते तयार करून विकले जाते.

शेतकऱ्यांनी घ्यावयाची दक्षता

गाळ फुकट मिळतो म्हणून आंधळेपणाने घेऊ नये. तपासणीचा दाखला मागावा. कच्चा गाळ शेतात मुळीच टाकू नये. प्रक्रिया केलेला गाळ पेरणीपूर्वी मातीत मिसळावा. कच्ची खाल्ली जाणारी भाजी व मुळा, गाजर यांसारखी पिके वगळावीत. विहिरीजवळ ढीग लावू नये आणि हाताळल्यावर हातपाय साबणाने धुवावेत. पालाशाची उणीव स्वतंत्र खताने भरून काढावी. खताचा एक हंगाम चुकला तर पुढील हंगामात भरून काढता येतो. धातूंनी बिघडलेली जमीन मात्र पुढच्या पिढीसही सुधारता येणे कठीण आहे.