तिखट आणि चटका: डेव्हिड ज्युलियस यांचे वेदना-संशोधन

मिरचीने तोंडाची आग होते, तापमापीत मात्र पारा चढत नाही. मग भाजल्यासारखे का वाटते? सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने वेदनावाहक चेतापेशींतील जनुके, मिरचीतल्या कॅप्सेसिनला दाद न देणाऱ्या पेशींत घालून पाहिली. एका जनुकामुळे त्या दाद देऊ लागल्या. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे प्रथिन, टीआरपीव्ही१, ही पेशीपटलातील आयन वाहिनी आहे. ती सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरही उघडते. म्हणजे सेन्सर एक, इनपुट दोन. तुमच्या प्रयोगशाळेत असा सेन्सर सदोष ठरला असता! २०२१ चे नोबेल ज्युलियस यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळाले. वेदना थांबवण्यासाठी ही वाहिनी बंद करणारी औषधे माणसांवर तपासली, तेव्हा काहींच्या शरीराचे तापमान वाढले आणि काहींना गरम वस्तूचा चटका उशिरा कळू लागला.