विधी ग्रंथपाल आणि सटीप संदर्भसंग्रह

कायदा माहीत नव्हता, ही सबब न्यायालयात चालत नाही. हा नियम जुना आहे आणि तो सर्वांना सारखाच लागू आहे. परंतु नागरिकाने कायदा जाणावा अशी अपेक्षा ठेवावयाची, तर आजमितीस कोणता कायदा अमलात आहे हे त्याला सापडले पाहिजे. संसद व विधानमंडळाचे अधिनियम, त्यांखालील नियम, राजपत्रातील अधिसूचना, शासन निर्णय आणि न्यायालयांचे निवाडे यांचा साठा दरवर्षी वाढत असतो. या साठ्यातून नेमका कागद नेमक्या वेळी काढून देणे हे विधी ग्रंथपालाचे काम होय. न्यायाधीश, वकील, प्राध्यापक व विद्यार्थी यांना त्याचा रोजचा आधार असतो. तथापि हे काम नीट न झाल्यास त्याची झळ ग्रंथालयाची पायरी कधीही न चढलेल्या माणसालाही लागते.

याचे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघर येथे समाजमाध्यमावरील मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. तेव्हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यातील कलम ६६-अ देशभर चर्चेत आले. पुढे २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल प्रकरणात हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. प्रश्न तेथे संपावयास हवा होता. परंतु तो संपला नाही. त्यानंतरही निरनिराळ्या राज्यांत या कलमाखाली गुन्हे नोंदविले जात राहिले. निकालाच्या प्रती सर्व उच्च न्यायालयांकडे व राज्यांच्या मुख्य सचिवांकडे पाठविण्याचे निर्देश न्यायालयाला २०१९ मध्ये द्यावे लागले आणि २०२१ मध्ये न्यायालयाने या प्रकाराबद्दल तीव्र आश्चर्य व्यक्त केले. त्या सुनावणीत पुढे आलेले कारण मोठे बोलके होते. कायद्याच्या पुस्तकांत कलम पूर्ववत छापलेले असते आणि ते रद्द झाल्याची नोंद फक्त तळटिपेत असते. गुन्हा नोंदविणाऱ्याची नजर कलमावर पडते, तळटिपेवर पडत नाही.

ऑक्टोबर २०२२ मधील आदेशात न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. या अधिनियमाविषयीच्या शासकीय, निमशासकीय वा खाजगी प्रकाशनात हे कलम उद्धृत केलेले असल्यास ते घटनाबाह्य ठरल्याची पुरेशी माहिती वाचकाला दिली गेली पाहिजे. टीप कोठे आहे आणि ती वाचकाला दिसते की नाही, यावर एखाद्याचे स्वातंत्र्य अवलंबून असू शकते, असा याचा अर्थ आहे.

टिपेची जुनी परंपरा

कायद्याच्या क्षेत्रात मजकुरापेक्षा टिपेला कमी मोल कधीच नव्हते. एखादा निवाडा आज ग्राह्य आहे किंवा वरिष्ठ न्यायालयाने तो फिरविला आहे, हे कळल्यावाचून त्याचा आधार घेता येत नाही. १८७३ मध्ये अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी यावर एक साधा उपाय काढला. नंतरच्या ज्या निकालांत जुन्या निवाड्याचा उल्लेख आला असेल, त्यांची यादी ते डिंक लावलेल्या कागदी पट्ट्यांवर छापीत. वकील त्या पट्ट्या आपल्या निकालपुस्तकांत त्या त्या जागी चिकटवून ठेवीत. पुढे या पट्ट्यांचे ग्रंथ झाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यूजीन गारफिल्ड यांनी विज्ञानातील शोधनिबंधांसाठी उल्लेखसूची तयार केली, ती हीच पद्धत समोर ठेवून.

आपल्याकडेही निकाल प्रसिद्ध करण्याची परंपरा मोठी आहे. मुंबईचा बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासूनचा आहे. नागपूरहून प्रसिद्ध होणारा ऑल इंडिया रिपोर्टर देशभरातील न्यायालयांत आधाराला घेतला जातो. ‘एआयआर १९७३ एससी १४६१’ असा उल्लेख नवख्या वाचकाला गूढ वाटतो. त्याचा उलगडा सोपा आहे: ऑल इंडिया रिपोर्टरचा १९७३ चा खंड, त्यातील सर्वोच्च न्यायालयाचा विभाग, पृष्ठ १४६१. तेथे केशवानंद भारती प्रकरणाचा निवाडा सुरू होतो. अधिनियम व निकाल यांच्या सूची अशा रीतीने पूर्वीपासून उपलब्ध आहेत. विधी नियतकालिकांतील लेखांसाठी नवी दिल्ली येथील भारतीय विधी संस्थेने १९६३ पासून स्वतंत्र सूची प्रसिद्ध केली. ही संस्था १९५६ मध्ये स्थापन झाली.

ग्रंथपालांचे स्वतःचे वाङ्मय

विधी ग्रंथपाल इतरांना संदर्भ शोधून देतो. परंतु त्याच्या स्वतःच्या कामात अडचण आली, तर त्याने कोठे पाहावे? रद्द झालेल्या कायद्यांच्या प्रती ठेवाव्यात की काढाव्यात. सुटी अद्ययावत पाने खंडात कशी बसवावीत. महागडी संगणकीय सेवा घ्यावी की छापील खंडच चालू ठेवावेत. विद्यार्थ्यांना संदर्भशोध कसा शिकवावा. वाचकाला माहिती द्यावी पण कायदेविषयक सल्ला देऊ नये, ही मर्यादा कशी पाळावी, असे कितीतरी प्रश्न असतात. त्यांवर जगभर पुष्कळ लिहिले गेले आहे. अमेरिकेत विधी ग्रंथालयांची संघटना १९०६ मध्ये स्थापन झाली आणि १९०८ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. आंतरराष्ट्रीय संघटना १९५९ मध्ये, तर ब्रिटन व आयर्लंड येथील संघटना १९६९ मध्ये अस्तित्वात आली. भारतात डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पंचसूत्री मांडली. वाचकाचा वेळ वाचविणे हे तिच्यातील चौथे सूत्र होय. त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात कायद्याला स्वतंत्र मुख्य वर्ग दिलेला आहे.

हे सर्व वाङ्मय विखुरलेले आहे. काही ग्रंथालयशास्त्राच्या नियतकालिकांत, काही विधी नियतकालिकांत, काही परिषदांच्या वृत्तांतांत, तर काही अहवालांच्या परिशिष्टांत पडून असते. त्याला एकत्र आणून प्रत्येक नोंदीपुढे उपयुक्त टीप देणारा संग्रह म्हणजेच विधी ग्रंथपालांसाठी सटीप संशोधन-संग्रह. संगणकाच्या भाषेत त्याला डेटाबेस म्हणतात.

सूची, गोषवारा आणि टीप

या तीन गोष्टींतील फरक ध्यानात घेणे अगत्याचे आहे. सूची लेख कोठे आहे ते सांगते. गोषवारा लेखात काय आहे ते सांगतो. टीप त्यापुढे जाऊन तो लेख कोणाच्या, कोणत्या कामाचा आहे आणि त्यावर कितपत विसंबावे हे सांगते. चांगल्या नोंदीत म्हणून दोन भाग असतात. पहिल्या भागात लेखक, शीर्षक, नियतकालिक, खंड, वर्ष व पृष्ठे हा तपशील बिनचूक द्यावयाचा असतो. दुसऱ्या भागात चार-पाच वाक्यांची टीप असते. लेखकाने कोणता प्रश्न घेतला, उत्तर कशाच्या आधारे काढले, निष्कर्ष कोणता आणि तो कोणत्या प्रकारच्या ग्रंथालयाला लागू पडेल, हे तीत यावे. त्याशिवाय एक गोष्ट कधीही वगळू नये: लेख कोणत्या दिनांकापर्यंतच्या कायद्यावर आधारलेला आहे. विधी वाङ्मयात दिनांक नसलेली टीप दिशाभूल करू शकते.

विषयशीर्षकांचा प्रश्न

असा संग्रह उभा राहतो तो विषयशीर्षकांवर. नाशिकच्या इतिहासातीलच एक प्रकरण पाहावे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्यावर विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतरच्या नाशिक कट खटल्यासाठी विनायक दामोदर सावरकर यांना इंग्लंडहून आणले जात असता, ८ जुलै १९१० रोजी त्यांनी मार्सेय बंदरात बोटीतून उडी घेतली. फ्रान्सच्या भूमीवर त्यांना पकडून परत देण्यात आले. हे योग्य होते काय, हा फ्रान्स व ब्रिटन यांच्यातील वाद हेग येथील लवादापुढे गेला आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी त्याचा निवाडा ब्रिटनच्या बाजूने लागला. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या ग्रंथांत हा निवाडा आश्रयाचा हक्क, प्रत्यार्पण किंवा लवाद या शीर्षकांखाली येतो. केवळ ‘नाशिक’ या शब्दावर शोध घेणाऱ्याच्या हाती तो लागेलच असे नाही. एकाच नोंदीला अनेक वाटांनी पोहोचता आले पाहिजे, ते याचसाठी.

नावे व क्रमांक बदलल्याने ही अडचण अधिक वाढते. १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम आज महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम या नावाने ओळखला जातो. जुन्या निकालांत मात्र पहिलेच नाव राहणार. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या संहितेत खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते. नव्या संहितेत ते १०३ आहे. नव्या संहितेतही ३०२ क्रमांकाचे कलम आहेच, परंतु ते धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांविषयी आहे. नुसता क्रमांक पाहून संदर्भ देणारा येथे हमखास चुकेल. म्हणून संग्रहात जुने व नवे नाव, जुना व नवा क्रमांक परस्परांशी जोडलेले असावे लागतात.

मराठीपुरता यात आणखी एक धागा आहे. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने राज्यातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी झाली. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने ‘न्यायव्यवहार कोश’ तयार केला आहे. विषयशीर्षके या कोशातील संज्ञांप्रमाणे ठेवून त्यांना इंग्रजी पर्याय जोडल्यास दोन्ही भाषांतील वाचकांची सोय होईल. मराठीत सूचिकार्याची उपेक्षा झालेली नाही. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची एकहाती चिकाटीने सिद्ध केली. अशा कामाला आधी चिकाटी लागते. साधनसामग्री त्यानंतर येते.

नाशिकमध्ये काय करता येईल

नाशिक येथे या कामाला पोषक अशी पार्श्वभूमी आहे. सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० ची असून ते राज्यातील जुन्या ग्रंथालयांपैकी एक आहे. शहरात विधी महाविद्यालय आहे, जिल्हा न्यायालय आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही येथेच असून तेथे ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण दिले जाते. जिल्ह्याचे विषयही ठळक आहेत. पेठ, सुरगाणा, कळवण यांसारख्या अनुसूचित क्षेत्रातील गावांना पंचायत विस्तार अधिनियम, १९९६ व वन हक्क अधिनियम, २००६ यांचा रोज संबंध येतो. आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत करण्याविषयीचा १९७४ चा अधिनियम आहे. गंगापूर, दारणा आदी धरणांतून जायकवाडीकडे सोडावयाच्या पाण्याच्या वादात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ पुन्हा पुन्हा पुढे येतो. अशा एखाद्या विषयापासून आरंभ केल्यास संग्रह आटोपशीर राहील व त्याचा उपयोगही लगेच दिसेल.

यासाठी मोठा खर्च लागतोच असे नाही. न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयासाठी तयार झालेली कोहा ही ग्रंथालय-प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ पासून आपले प्रकाशित निवाडे ई-एससीआर या सेवेद्वारे विनामूल्य खुले केले आहेत. प्रत्येक ग्रंथपालाने आपल्याकडे येणाऱ्या दोन-तीन नियतकालिकांची जबाबदारी घ्यावी, टीप लिहावी, दुसऱ्याने ती मूळ लेखाशी ताडून पाहावी आणि वर्षातून एकदा जुन्या नोंदींचे दिनांक तपासावेत. यांपैकी शेवटचे काम सर्वांत नीरस असते आणि तेच बहुधा राहून जाते. कलम ६६-अ चा इतिहास पाहता ते टाळणे परवडणारे नाही.

मर्यादा

टीप ही मूळ लेखाची जागा घेऊ शकत नाही. ती लिहिणाऱ्याची समजूत तीत उतरते. म्हणून टिपेखाली लिहिणाऱ्याचे नाव व दिनांक असावा. लेखांच्या संपूर्ण प्रती संग्रहात घेताना प्रताधिकाराचे बंधन पाळावे लागते. नोंद व स्वतंत्रपणे लिहिलेली टीप देण्यास सामान्यतः ती अडचण येत नाही. तसेच ग्रंथपाल कायदा दाखवू शकतो, खटल्यात काय करावे हे सांगू शकत नाही. तो सल्ला वकिलाने द्यावयाचा आहे. ज्यांना वकील परवडत नाही, अशा पात्र व्यक्तींसाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत उपलब्ध आहे.

ग्रामपंचायतीच्या दप्तरात अधिनियमाची एखादी जुनी प्रत असते, शाळेच्या कपाटात नियमांचे पुस्तक असते, कार्यालयात परिपत्रकांची धारिका असते. त्या प्रत्येकावर ती कोणत्या दिनांकापर्यंत सुधारलेली आहे आणि पुढील सुधारणा कोठे पाहावयाची, एवढी दोन ओळींची टीप लावण्यास कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. विधी ग्रंथपालांचा मोठा संग्रह जे काम देशाच्या पातळीवर करतो, तेच काम ही टीप गावाच्या पातळीवर करील.