मेळ आधी की राग आधी?

कर्नाटक संगीताचा विषय निघाला की पहिला उल्लेख होतो 72 मेळकर्त्यांचा, म्हणजे रागांची वर्गवारी करणाऱ्या स्वरसंचांचा (मेळांचा). ही रचना म्हणजे आपल्या संगीतशास्त्राची एक देखणी कामगिरी आहे. पण तिच्याविषयीच्या काही समजुतींमुळे श्रोत्याचे लक्ष रागावरून हटते आणि आकड्यावर खिळते.

गैरसमज 1 : आधी 72 मेळ ठरले, मग त्यांतून राग जन्मले.

वस्तुस्थिती : बहुतेक प्रसिद्ध रागांच्या बाबतीत क्रम उलटा आहे. 17व्या शतकात तंजावरच्या नायक दरबारातील व्यंकटमखींनी ‘चतुर्दंडीप्रकाशिका’ या ग्रंथात हे गणित मांडले. सा आणि प अचल. रिषभ-गांधाराच्या 6 जोड्या, धैवत-निषादाच्या 6 जोड्या आणि मध्यम 2. म्हणजे 6 × 6 × 2 = 72. त्यांच्या काळी यांतले 19 मेळच प्रचारात होते. उरलेल्या जागा पुढे कधी येतील त्या रागांसाठी मोकळ्या होत्या. भैरवी, कांभोजी, श्री हे राग मात्र त्याआधीच गायले जात होते. आज ‘श्री’ हा खरहरप्रिया या 22व्या मेळाचा जन्य, म्हणजे त्यातून निघालेला, मानतात, पण वयाने तोच थोरला. खरहरप्रियाला राग म्हणून प्रतिष्ठा मिळाली ती मुख्यतः त्यागराजांच्या कृतींमुळे. तेव्हा ‘जनक’ आणि ‘जन्य’ हे नाते स्वरांच्या हिशेबाचे आहे, इतिहासाचे नव्हे.

गैरसमज 2 : मेळांची यादी एकच आहे.

वस्तुस्थिती : परंपरा दोन आहेत. मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्या परंपरेत मेळाचा प्रमुख राग आरोह-अवरोहात संपूर्ण असलाच पाहिजे असा आग्रह नाही. तिथे 22व्या मेळाचा मान ‘श्री’ रागाकडेच आहे. ‘संग्रहचूडामणी’ने मांडलेल्या दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक मेळ सातही स्वरांचा आणि क्रमवार असतो. आज शिकवली जाते ती प्रामुख्याने ही. तिच्यातल्या नावांत क्रमांक दडलेला असतो. कटपयादी संकेतानुसार ‘मा’ म्हणजे 5, ‘या’ म्हणजे 1. ते उलटे वाचले की मायामालवगौळ 15वा. हा संकेत जुळावा म्हणून शंकराभरणामागे ‘धीर’ लागले (29), कल्याणीमागे ‘मेच’ (65). गवयाच्या तोंडी मात्र आजही शंकराभरण आणि कल्याणी हीच नावे असतात.

गैरसमज 3 : मेळाबाहेरचा स्वर आला की राग भ्रष्ट झाला.

वस्तुस्थिती : मेळातलेच स्वर घेणाऱ्या जन्य रागाला उपांग म्हणतात, बाहेरचा स्वरही घेणाऱ्याला भाषांग. भैरवीचा मेळ 20वा, त्यात शुद्ध धैवत; पण ती चढताना चतुःश्रुती धैवत घेते. 28व्या मेळातला कांभोजी ठरावीक स्वरसंगतीत काकली निषादाला स्पर्श करतो. त्या स्पर्शांशिवाय हे राग ओळखीचे वाटणार नाहीत. मेळाची चौकट रागानंतर आली, म्हणून रागाचा एखादा स्वर तिच्याबाहेर राहिला, इतकेच.

गैरसमज 4 : आरोह-अवरोह कळला की राग कळला.

वस्तुस्थिती : आरभी आणि देवगांधारी हे दोन्ही 29व्या मेळातले. दोघांचा आरोह एकच : सा रि म प ध सा. अवरोहही जवळजवळ तोच. तरी जाणकार क्षणात फरक सांगतो. आरभीची चाल सरळ आणि चपळ, तिच्यात गांधार-निषाद अल्प. देवगांधारी संथ, लांबवलेल्या गमकांनी डोलणारी. तंजावरचे मराठी राजे तुळजाजी भोसले (राज्यकाळ 1728 ते 1736) यांना हे नेमके ठाऊक होते. आपल्या ‘संगीतसारामृत’ ग्रंथात त्यांनी रागांचे नुसते स्वर सांगून काम संपवले नाही. गीत, ठाय अशा रचनांतल्या स्वरसंगती दाखल्यादाखल दिल्या.

गैरसमज 5 : आपले हिंदुस्थानी थाट म्हणजेच कर्नाटक संगीतातले मेळ, आणि नाव एक तर रागही एक.

वस्तुस्थिती : पंडित विष्णु नारायण भातखंडे 1904 साली दक्षिणेत गेले, एट्टयपुरम् येथे संगीतशास्त्रज्ञ सुब्बराम दीक्षितरांना भेटले. मेळपद्धतीचा त्यांनी कसून अभ्यास केला. पण हिंदुस्थानी रागांसाठी 10 थाटच निवडले. हे दहाही त्या 72 मध्ये सापडतात, नावे मात्र फसवी आहेत. आपल्या भैरवीचे स्वर तिकडच्या तोडीत (8वा मेळ) आहेत. आपल्या तोडीचे शुभपंतुवराळीत (45वा). त्यांचा शुद्ध रिषभ म्हणजे आपला कोमल. त्यांचा हिंदोळम् आपल्या मालकंसाच्या जवळचा आहे, हिंडोलाच्या नव्हे.

मेळकर्त्यांचे कोष्टक जरूर शिकावे; शेकडो रागांची जागा त्यामुळे चटकन सापडते. पण एखाद्या मैफलीला जाण्याआधी एकाच मेळातले दोन राग लागोपाठ ऐकून पाहावेत. कोष्टक त्यांना एका रकान्यात बसवते. ते वेगळे का आहेत, हे गळ्यातून आणि वीणेवरूनच कळते.