वाहनाचा रंग, उन्हाळा आणि जिवंत निविष्ठांची वाहतूक

२८ मे २०२४ रोजी झाशी येथे कमाल तापमान ४९ अंश सेल्सिअस नोंदले गेले. वेधशाळेचा हा आकडा सावलीतला असतो. जमिनीपासून माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर झडपांची एक लाकडी पेटी उभारलेली असते आणि तिच्यातील तापमापकावर हे तापमान वाचले जाते. त्या पेटीला सर्वत्र पांढराच रंग दिलेला असतो. पेटी गडद रंगाची असती, तर तापमापकाने हवेऐवजी पेटीचाच ताप नोंदविला असता. हवामानशास्त्राने रंगाचा हा प्रश्न आपल्यापुरता फार पूर्वीच निकालात काढला आहे. कृषी निविष्ठा वाहून नेणाऱ्या वाहनांच्या बाबतीत मात्र त्याचा विचार क्वचितच होतो. वाहन घेताना इंजिन, भारक्षमता आणि किंमत पाहिली जाते. रंग ही आवडीची बाब मानली जाते.

झाशीशी मराठी वाचकाचे नाते नेवाळकरांच्या काळापासूनचे आहे. आज त्या शहरात भारतीय चरागाह व चारा संशोधन संस्था (स्थापना १९६२), केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था आणि २०१४ साली स्थापन झालेले राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ अशा तीन मोठ्या संस्था आहेत. बुंदेलखंडाच्या खडकाळ, विरळ झाडीच्या माळावर मे महिन्यात सावली शोधावी लागते. नागपूर आणि झाशी राष्ट्रीय महामार्ग ४४ ने जोडलेली आहेत आणि उन्हाच्या बाबतीतही ती एकाच कुळातली म्हणावी लागतील. झाशीच्या मे महिन्याविषयी जे सांगता येते, ते चंद्रपूर, अकोला, वर्धा येथील कृषी सहायकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

या प्रश्नाची निकड ऊस पट्ट्यात अधिक जाणवते. उसावरील खोडकिडीचा उपद्रव मार्च ते जून या काळात वाढतो आणि तिच्या अंड्यांवर जगणाऱ्या ट्रायकोग्रामा चिलोनिस या सूक्ष्म गांधीलमाशीची प्रसारणे नेमकी याच महिन्यांत करावी लागतात. प्रयोगशाळेपासून शेतापर्यंतचा ट्रायकोकार्डाचा प्रवास वर्षातील सर्वांत तप्त दिवसांत होतो. वाटेत जीव गेलेले कार्ड शेतात बांधले, तरी ते बांधणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. पंधरा दिवसांनी पोंगे वाळलेले दिसतात आणि शेतकरी म्हणतो, जैविक नियंत्रणाचा काही उपयोग नाही.

रंग नेमके काय करतो

सूर्यप्रकाशातील ऊर्जेचा निम्म्याहून थोडा अधिक भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या, दृश्य प्रकाशाजवळच्या अवरक्त किरणांत असतो. काळ्या रंगात वापरली जाणारी काजळी दृश्य आणि अवरक्त असे दोन्ही किरण जवळजवळ संपूर्ण शोषून घेते. पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइड दोन्ही प्रकारचे किरण मोठ्या प्रमाणात परतवतो. या दोन टोकांच्या मध्ये असलेल्या रंगांविषयी डोळ्यांवर विसंबून चालत नाही. सारख्याच दिसणाऱ्या दोन तपकिरी किंवा हिरव्या छटांपैकी एकीतील रंगद्रव्य अवरक्त किरण परतवणारे असेल आणि दुसरीतील शोषणारे, तर उन्हात त्यांचे तापमान वेगवेगळे राहते. छतांसाठी विकले जाणारे ‘थंड रंग’ याच तत्त्वावर तयार केलेले असतात.

ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मे महिन्याच्या निरभ्र दुपारी आडव्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला सुमारे ९०० वॅट इतकी सौर ऊर्जा पडते असे धरू. वाहनाच्या टपाचे क्षेत्रफळ दोन चौरस मीटर असेल, तर त्यावर १,८०० वॅट ऊर्जा पडते. काळा टप त्यांपैकी ९५ टक्के, म्हणजे सुमारे १,७०० वॅट शोषतो. साठ टक्के प्रकाश परतवणारा पांढरा किंवा चंदेरी टप सुमारे ७२० वॅट शोषतो. फरक जवळपास एक किलोवॅटचा, म्हणजे खोली गरम करणाऱ्या एका हीटरएवढा पडतो. हा सगळा ताप आत येत नाही. बराचसा वाऱ्याने आणि उत्सर्जनाने बाहेरच निघून जातो. तरीही मधल्या अस्तराशिवाय नुसत्या पत्र्याच्या हौद्यात माल भरलेला असेल, तर टपाखालच्या वरच्या थरातील खोक्यांना तो फरक जाणवतोच.

प्रत्यक्ष मोजणीही झालेली आहे. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी कॅलिफोर्नियातील सॅक्रॅमेंटो येथे जुलै महिन्यात एकाच बनावटीच्या एक काळ्या आणि एक चंदेरी अशा दोन मोटारी उन्हात उभ्या करून तुलना केली. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. चंदेरी मोटारीचा टप काळ्या मोटारीच्या टपापेक्षा कमाल २५ अंशांपर्यंत थंड आढळला, तर आतल्या हवेतील फरक मात्र पाच ते सहा अंशांचाच होता. वातानुकूलन यंत्रावरील भार कमी झाल्याने काळ्या मोटारीच्या तुलनेत पांढऱ्या किंवा चंदेरी मोटारीच्या इंधनात सुमारे दोन टक्के बचत होऊ शकेल, असा अंदाज त्याच अभ्यासात वर्तविला आहे.

चंदेरी रंग आणि उघडा चकचकीत पत्रा यांत गल्लत होऊ नये. रंगाचा लेप, मग तो काळा असो वा पांढरा, तापल्यावर स्वतःतील उष्णता किरणांच्या रूपाने चांगल्या प्रकारे बाहेर टाकतो. उघडा धातू प्रकाश परतवतो खरा, पण शोषलेला ताप सोडताना कंजुषी करतो. नव्या जस्ती पत्र्याला दुपारी हात लावून पाहिलेल्या कोणालाही हे सांगावे लागत नाही. म्हणून उघड्या पत्र्याच्या हौद्याला पांढरा लेप देणे लाभदायक ठरते. परावर्तन आणि उत्सर्जन यांची ही जोड निसर्गानेही साधलेली आहे. सहारा वाळवंटातील चंदेरी मुंगी भर दुपारी अन्नासाठी बाहेर पडते. तिच्या अंगावरील त्रिकोणी छेदाचे केस दृश्य व जवळचे अवरक्त किरण परतवतात आणि त्याच वेळी शरीरातील उष्णता दीर्घ लहरींच्या रूपाने बाहेर टाकण्यास मदत करतात, असे २०१५ साली सायन्स या नियतकालिकातील अभ्यासात दाखविण्यात आले.

रंगाचे काम कोठे थांबते

टपाचा २५ अंशांचा फरक आतल्या हवेत पाच-सहा अंशांवर येतो, कारण मोटारीत येणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा काचांतून येतो. काच सूर्यप्रकाश आत सोडते. त्याने तापलेली आसने आणि काळसर डॅशबोर्ड ज्या दीर्घ लहरी सोडतात, त्या मात्र काच बाहेर जाऊ देत नाही. त्यात दार बंद असल्याने हवाही खेळत नाही. २००५ साली पीडियाट्रिक्स या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात उन्हात बंद उभ्या असलेल्या मोटारीचे अंतर्गत तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलेले आढळले. त्यातील सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काच बोटभर खाली ठेवल्याने विशेष फरक पडला नाही. ‘पंचायतीत पाच मिनिटे जाऊन येतो’ म्हणून बंद केलेले दार किती वेळाने उघडते, हे क्षेत्रीय कार्यकर्त्यांना ठाऊक आहेच.

आता झाशीचा किंवा चंद्रपूरचा हिशेब मांडावा. बाहेर ४४ अंश, त्यात वीस अंशांची भर पडली की काळ्या मोटारीत ६४. पांढरी असेल तर ५८ किंवा ५९. माणसाला हा फरक सुखावह वाटेल, इंधनातही काही वाचेल. परंतु गांधीलमाशीच्या कोषाला दोन्ही तापमाने सारखीच मारक आहेत. पांढरी गाडी घेतली म्हणून निश्चिंत होता येत नाही, हे येथे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

वाहन धावत असतानाही रंगाचा प्रभाव घटतो, कारण वाऱ्याच्या झोताने पत्र्याचे तापमान हवेच्या तापमानाजवळ येते. रंग महत्त्वाचा ठरतो तो वाहन उभे असताना: बाजार समितीच्या आवारात, फाटकाशी, जेवणाच्या थांब्यावर. हवेच्या प्रवाहाचे हे सामर्थ्य एका जुन्या कुतूहलाच्या प्रश्नातूनही दिसून आले होते. वाळवंटातील बदाऊनी लोक काळे झगे का घालतात, याचा अभ्यास १९८० साली नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काळे कापड पांढऱ्यापेक्षा अधिक तापत होते, तरी सैल झग्याच्या आत खेळणाऱ्या हवेमुळे त्वचेपर्यंत पोहोचणारी उष्णता दोन्ही रंगांत सारखीच राहत होती. मालवाहू वाहनासाठी यातून एक उपयुक्त गोष्ट घेता येते. ताडपत्री मालावर किंवा टपावर घट्ट न आवळता बांबूच्या कामट्यांवर वीतभर उंच ताणली आणि पुढची-मागची बाजू मोकळी ठेवली, तर मधून वाहणारी हवा तापाचा बराच भाग घेऊन जाते. ताडपत्री वरून पांढरी किंवा चंदेरी असल्यास उत्तमच.

धुळीचा उल्लेख टाळता येत नाही. बुंदेलखंडात असो वा विदर्भात, आठवडाभर न पुसलेला पांढरा टप पांढरा राहत नाही आणि त्याची परावर्तनाची क्षमताही घटते. सकाळी ओल्या फडक्याने टप पुसणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. जुन्या वाहनाचा रंगच बदलायचा असल्यास परिवहन कार्यालयाकडे नोंद करून घ्यावी लागते. काचांवर गडद पडदा चिकटवून प्रश्न सोडविण्याचा मोह टाळावा. पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, असा मोटार वाहन नियम आहे. वाहन उभे असताना पुढच्या काचेमागे चकाकता पुठ्ठा लावण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही.

ट्रायकोकार्डाचा प्रवास

ट्रायकोग्रामाची मादी तांदळावरील पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते. परोपजीवी अळी आत वाढू लागली की तीन-चार दिवसांत ते अंडे काळे पडते आणि सात-आठ दिवसांनी त्यातून प्रौढ बाहेर येतो. एका कार्डावर अशी सुमारे वीस हजार अंडी असतात. म्हणजे शेताकडे निघालेले कार्ड हा स्वतःच एक काळा पृष्ठभाग असतो. काचेमागे, डॅशबोर्डवर ऊन पडेल असे ठेवलेले कार्ड आसपासच्या हवेहूनही अधिक तापते. या कीटकाला २५ ते २८ अंश तापमान मानवते. पस्तिशीच्या पुढे प्रौढ बाहेर पडण्याचे प्रमाण आणि त्यांचे आयुष्य दोन्ही घटत जातात. चाळिशीच्या वर काही तास गेले, तर फारसे काही हाती उरत नाही. बिव्हेरिया, मेटारायझियम यांसारख्या बुरशी आणि रायझोबियमसारखी जिवाणू संवर्धने थोडी अधिक तग धरतात, इतकेच.

बहुतेक कार्यकर्त्यांचे वाहन तर मोटारसायकल असते. तेथे टप नाही, रंगाचा प्रश्न पिशवीचा असतो आणि ती बहुधा काळ्या रेक्झिनची असते. तिच्याऐवजी जाड पांढऱ्या कापडाची पिशवी आणि आत थर्मोकोलचा लहान डबा, एवढ्या बदलाने पुष्कळ साधते. डब्यात गोठवलेल्या पाण्याची बाटली कागदात गुंडाळून ठेवावी. कार्ड बर्फाला किंवा बाटलीवर जमणाऱ्या ओलाव्याला टेकू देऊ नये.

बर्फ मिळत नसेल तेथे माठाचे तत्त्व उपयोगी पडते. हवा ४४ अंशांवर असेल आणि आर्द्रता १५ टक्के, तर सावलीत, वाऱ्यावर ठेवलेल्या ओल्या फडक्याचे तापमान २३ ते २४ अंशांपर्यंत उतरू शकते. कोरड्या उन्हाळ्याची ही एकमेव मेहेरबानी म्हणावी. डब्याभोवती ओले गोणपाट गुंडाळून तो हौद्यात, ताडपत्रीच्या सावलीत आणि वारा लागेल अशा जागी ठेवावा. कार्ड आत प्लास्टिकच्या कोरड्या पिशवीत असावे. कोकणात किंवा पावसाळ्याच्या तोंडावर, दमट हवेत, हा उपाय निकामी ठरतो. रासायनिक कीटकनाशके मात्र त्याच बंद केबिनमध्ये ठेवू नयेत. उष्णतेने डबे फुगून गळण्याचा धोका असतो आणि त्यांच्या वाफा चालकालाही बाधतात, कार्डावरील जिवालाही.

वाहतुकीची वेळ पहाटेची किंवा सूर्यास्तानंतरची ठेवावी. मधपेट्यांचे स्थलांतर करणारे मधपाळ रात्रीच प्रवास करतात, त्यांच्याकडून हे शिकण्यासारखे आहे.

कार्ड जिवंत पोहोचले की नाही, हे नुसते पाहून ओळखता येत नाही, कारण मेलेले परोपजीवी अंडेही काळेच राहते. प्रत्येक खेपेतील एका कार्डाची बोटभर पट्टी कापून काचेच्या नळीत घालावी, तोंडाला कापूस लावावा आणि नळी घरात माठाजवळ सावलीत ठेवावी. ठरलेल्या तारखेनंतर दोन दिवसांनी भिंगाखाली शंभर काळी अंडी तपासून बाहेर पडण्याची छिद्रे किती अंड्यांवर आहेत, ते मोजावे. तो आकडा, कार्ड आणल्याची वेळ, वाहन किंवा पिशवीचा रंग आणि वाहन उन्हात किती वेळ उभे होते, एवढ्या चार नोंदी वहीच्या एकाच ओळीत मावतात. छिद्रे फारच कमी निघाली, तर शेतकऱ्याला त्याच आठवड्यात कळवून दुसरे कार्ड देता येते. खोडकिडीच्या पुढच्या अंडीपुंजांसाठी तेवढा अवधी उरलेला असतो.