घर भरले, हात मात्र दोनच!

वाचकहो, घरोघरी मातीच्या चुली असे आपण म्हणतो. आता चुलीच्या जोडीला गॅस आला, तरी म्हण काही खोटी झालेली नाही. टाळेबंदीच्या दिवसांत त्या चुलीपुढे कोण उभे होते आणि किती वेळ उभे होते, एवढ्याच गोष्टीचा आज तुमच्याबरोबर विचार करायचा आहे.

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. आधी एकवीस दिवसांची म्हणून सांगितली, ती वाढत वाढत मे महिन्याच्या अखेरीपर्यंत गेली. घोटी म्हणजे इगतपुरी तालुक्याची मोठी बाजारपेठ. भाताच्या गिरण्या, मुंबई-आग्रा महामार्ग, इथूनच सिन्नरकडे आणि भंडारदऱ्याकडे फुटणारे रस्ते. अशा गावाचे पोट येण्याजाण्यावर चालते, आणि येणेजाणेच थांबले! बाजार बंद, एस. टी. बंद, शाळा बंद. महामार्गावर माणसे दिसत ती मुंबईहून कसारा घाट चढून पायी मुलखाला निघालेली. डोक्यावर बोचके, कडेवर लेकरू. १ मे २०२० ला नाशिक रोडहून मजुरांसाठी खास गाडी सुटली, तोवर कित्येकांचे तळपाय फुटून गेले होते.

आपल्या घरांचे काय झाले? मुंबई-नाशिकला कामाला असलेली पोरे परत आली. आश्रमशाळेतली मुले आली. कनगीत भात होता म्हणून शेतकऱ्याचे घर उपाशी राहिले नाही, पण ज्याचे पोट रोजंदारीवर, त्याला रेशनच्या धान्याची वाट पाहावी लागली. घरे भरली. बरे वाटले आणि भीतीही वाटली.

साथ नवी, कष्ट जुनेच

जुन्या माणसांनी ऐकलेली साथ म्हणजे प्लेगची. १८९६ साली तो मुंबईत आला आणि पुढे राज्यभर पसरला. तेव्हा लोक घर सोडून रानात झोपड्या घालून राहत, कारण उंदरावरची पिसू हे त्या रोगाचे वाहन आणि उंदीर घरात. कोरोना श्वासावाटे माणसाकडून माणसाला होणारा, म्हणून या खेपेस सांगणे उलटे आले, की घराबाहेर पडू नका. पण रानातली झोपडी असो की गावातले घर, साथीत रांधणे, पाणी भरणे आणि दुखणेकऱ्याचे करणे बाईला कधी चुकले आहे काय?

आता एक साधा हिशेब करू. घरात चार माणसे, माणशी एका वेळेला दोन भाकरी, म्हणजे दिवसाच्या सोळा. मुंबईची चार माणसे आली की झाल्या बत्तीस. एक भाकरी थापून भाजायला तीन मिनिटे धरली, तरी दीड तासाच्या वर वेळ नुसत्या भाकरीत गेला. कालवण, भात, दोन-तीनदा चहा, भांडी, धुणे हे वेगळेच. वर साबणाने वीस सेकंद हात धुवा, हे सांगणे आले. सांगणे अगदी बरोबर. पण हात धुवायला पाणी लागते. दारणा, मुकणे, भावली, वैतरणा अशी धरणे आपल्या तालुक्यात, तरी उन्हाळ्यात कितीतरी वाड्यांवर हंडा डोक्यावरूनच येतो. तो कोणाच्या डोक्यावरून येतो, हे सांगायला नको.

म्हातारी माणसे जपणे हे आणखी एक काम. आजीला पडवीत वेगळे बसवायचे, नातवाला तिच्या मांडीवर जाऊ द्यायचे नाही. दोघेही रडत, आणि दोघांची समजूत काढायची सुनेने. मुलांच्या शिक्षणाचेही तसेच. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ हा पाठांचा कार्यक्रम लागू लागला, पण मुलाला त्यापुढे बसवणारे कोणीतरी हवेच. मोबाईल घरात एक, तोही धन्याबरोबर शेतावर.

पुरुषही हलले

सगळेच पुरुष ओट्यावर बसून राहिले असे मात्र नाही. उन्हाळा म्हणजे कुरडया-पापडांचे दिवस. एरवी आळीतल्या बाया एकमेकींकडे जाऊन ते काम उरकतात. त्या वर्षी जाता येईना. मग गव्हाचा चीक शिजताना पातेल्यात हाटण्याचे काम कितीतरी घरांत मुलाने किंवा नवऱ्याने केले. चीक घट्ट होत आला की तो हाटायला दंडात जोर लागतो. हे काम पुरुषाला शोभणारे नाही, असे कोण म्हणेल? राब भाजण्याच्या कामाला घरचीच माणसे जास्त झाल्याने शेतातही बाईचा भार थोडा उतरला. कोणी झाडलोट केली, कोणी चहा टाकला. गावात हसायला कोणी नव्हते, कारण गाव घरात होते!

मग ही सवय टिकली का? आकडे पाहा. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर माणसांच्या वेळेची मोजणी केली. घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास देत होती. जे पुरुष घरकामाला हात लावत, ते ९७ मिनिटे देत. हात लावणारे पुरुष होते शंभरात सव्वीस. टाळेबंदी येऊन गेल्यावर २०२४ साली पुन्हा मोजणी झाली. बाईची मिनिटे २८९ आणि पुरुषाची ८८. हात लावणारे पुरुष झाले शंभरात सत्तावीस. एवढे मोठे संकट आले, महिनोन्महिने पुरुष घरात राहिला, आणि शंभरात एकाची भर पडली!

तेव्हा बंधूंनो, साथीची वाट न पाहता एवढे करा. आपापली ताटवाटी आपण उचला. पाण्याच्या दोन खेपा तुमच्याकडे घ्या. गाडी किंवा सायकल असेल तर कॅन लावून आणा. आवणीच्या दिवसांत बाई दिवसभर चिखलात वाकलेली असते. त्या दिवसांत संध्याकाळचा भात पुरुषाने टाकावा. पोराला हे काम मुलीबरोबर लहानपणीच लावा, म्हणजे मोठेपणी लाज वाटायची नाही.

आणि भगिनींनो, घरात कोणी मदतीला आला आणि त्याने भाकरी वाकडी केली, तर हसू नका. वाकडी भाकरीही पोट भरते. दोन दिवसांनी ती गोल होईल.