घरातील अंगणवाडी

सकाळी वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांकडे जाणाऱ्या बसगाड्या निघून जातात, कार्यालयांचीही वेळ होते, आणि सिडको-हडकोतील कितीतरी घरांत दोनच माणसे उरतात : एक साठी ओलांडलेले, दुसरे तीन वर्षांचेही न झालेले. संध्याकाळपर्यंतचे आठ-नऊ तास त्या दोघांचेच. काही आजी तर नातवासोबत शेजारची एक-दोन मुलेही सांभाळतात. वाचकहो, आपण त्यांपैकी असाल, तर एक चिंता आपल्याला नक्कीच सतावत असेल. या मुलाला दिवसभर शिकवायचे तरी काय? इंग्रजी बालगीते आपल्याला येत नाहीत, आणि पाटीवर अक्षर गिरवायला बसवावे, तर ते उठून पळते.

पळू द्यावे. या वयात ते त्याच्या प्रकृतीला धरूनच आहे. पेन्सिल धरण्यापूर्वी बोटांना चिमटीत धरणे, दाबणे, पिळणे, सोलणे अशी पुष्कळ कामे करून बळकट व्हावे लागते. ती कामे पाटीवर होत नाहीत. आपल्या स्वयंपाकघरात मात्र ती रोज होतात.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे कार्य केले आणि १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या गावी बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ तेथेच त्यांच्या सहकारी झाल्या. परंतु वस्तीवरील गरीब घरांतील मुले बालवाडीत येईनात. मूल येत नाही म्हणून त्याच्या आईवडिलांना दोष देणे सोपे होते. या दोघींनी तसे न करता बालवाडीच वस्तीवर, मुलांच्या घरांपुढील अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातूनच जन्मला. मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीची साधने महाग होती. त्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने आली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी हेच कार्य पुढे चालले. पुढे १९७५ साली केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना आरंभली, तेव्हा गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. खेळण्यांच्या दुकानातील ‘शैक्षणिक’ शिक्का मारलेल्या महागड्या पेट्या पाहिल्या, की मला नेहमी ते शिंपले आठवतात.

आपल्या घरातील शिंपले कोणते? एकात एक बसणाऱ्या वाट्या, झाकणांचे डबे, कणकेचा गोळा, निवडायची मेथी, वाळलेल्या कपड्यांचा ढीग. मोज्यांच्या जोड्या जुळवताना ‘हा आजोबांचा मोठा, हा तुझा लहान’ असे सहज बोलावे. लहान-मोठे, सारखे-वेगळे, एक-दोन हे सारे गणित त्यात आले. घरातील भाषा मराठी असो वा दखनी उर्दू, आपल्या तोंडी जी सहज येते तीच बोलावी. मुलाची शब्दसंपत्ती त्या भाषेतच प्रथम वाढते.

यात कठीण गोष्ट एकच, ती म्हणजे थांबणे. मूल वाटीवर वाटी रचते, वाटी घसरते, ते पुन्हा रचते. आपला हात नकळत पुढे होतो. तो मागे घ्यावा. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात ते मोठी वाटी खाली ठेवते, आणि ही युक्ती त्याची स्वतःची असते. ‘हे काय? ते काय?’ अशी परीक्षाही सतत घेऊ नये. ‘तू मोठी वाटी खाली ठेवलीस’ इतके म्हटले तरी पुरे. या बाबतीत तरुण आईवडिलांपेक्षा आपली बाजू भक्कम आहे, कारण आपल्याला कोठे जायची घाई नसते. भातुकलीत मूल डॉक्टर होऊन आपल्या दंडाला कापड गुंडाळते आणि ‘बीपी वाढलंय, मीठ कमी खा’ असे बजावते, तेव्हा निमूटपणे रुग्ण व्हावे. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरून बोलण्याचा तो मोठाच अभ्यास आहे.

पाण्याचा खेळ मुलांना अतिशय प्रिय. आपल्या शहरात नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, म्हणून ते उधळावेसे वाटत नाही. पसरट घमेल्यात दोन तांबे पाणी, एक गाळणी आणि एक फडके द्यावे. खेळ संपल्यावर तेच पाणी तुळशीला घालावे. मात्र साठवणीचे पिंप, बादल्या यांवर घट्ट झाकण हवेच. लहान मूल काही इंच पाण्यातही, आवाज न करता, बुडू शकते. घमेल्याजवळही आपण बसलेले असावे.

दुसरा धोका आपल्याच उशाशी असतो. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांची डबी मुलाला खुळखुळ्यासारखी वाटते. ती कुलपात ठेवावी. श्रवणयंत्राची किंवा रिमोटची चपटी गोल बॅटरी मुलाने गिळली अशी नुसती शंका आली, तरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. चिंचोके, सागरगोटे तीन वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नयेत. अख्खे शेंगदाणे व फुटाणे पाच वर्षांपर्यंत टाळावेत.

मोबाइलविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितले आहे : दोन वर्षांखालील मुलांना पडदा नको, पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको, कमी तितके उत्तम. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल व्हावी. उन्हाळ्यात ती सकाळी आणि सूर्य कललल्यावर बाहेर, एरवी घरातच.

या तीन तासांत आपण धावावे, असे मुळीच नाही. गुडघे दुखत असतील तर जमिनीवर न बसता खुर्चीत बसावे आणि खेळ बुटक्या चौरंगावर मांडावा; चेंडू बसूनही घरंगळवता येतो. मूल झोपले की भांड्यांकडे न वळता आपणही आडवे व्हावे. आठवड्यातील एक दिवस मुला-सुनेकडे किंवा लेकी-जावयाकडे हक्काने मागून घ्यावा. पाठ धरली, चक्कर आली, तर ते लपवू नये. एकट्याने मूल सांभाळणाऱ्याची प्रकृती ही त्या मुलाच्याही सुरक्षिततेची बाब आहे.

आणि संध्याकाळी ‘आज काय शिकवलंत?’ असे कोणी विचारले, तर ओशाळू नये. ‘मेथी निवडली, मोज्यांच्या तीन जोड्या लावल्या आणि रिकाम्या कपातून मला दोनदा चहा पाजला,’ असे सांगावे.